स्वप्नांची गाणी आणि त्यांच्या गोष्टी: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

गिरगावात आमचा गाणी ऐकण्याचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एक रविवार, चाळीच्या तळमजल्यावरची खोली, एक विषय आणि दोन तास गाणी. 'स्वप्न' हा विषय एका बैठकीत उरकायचा होता. त्याला तीन बैठका लागल्या, आणि प्रश्न अजून येतायत. रात्री साडेअकराला फोन वाजतो: "झोपला नव्हतात ना? ते दार्जिलिंगचं काय म्हणालात?" म्हणून हे एकदाचं लिहून काढलं.

आधीच सांगून ठेवतो. गाण्यामागची गोष्ट फारच गोड असली की मी जरा संशयाने बघतो. खरी गोष्ट बहुतेक वेळा नटीच्या तारखा, अर्धवट बांधलेला स्टुडिओ, कॅमेऱ्याचा वेग असल्या गोष्टींची निघते, आणि मला तीच जास्त आवडते.

१. 'स्वप्नाचं गाणं' म्हणजे नेमकं कोणतं? 'स्वप्न' शब्द आला की झालं?

नाही झालं. आम्ही तीन खण केलेत. पहिल्यात झोपेत पडलेलं स्वप्न: कुणीतरी झोपलंय, काहीतरी दिसतंय, मग जाग येते. दुसऱ्यात उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं: प्रेयसी मिळावी, घर व्हावं, नाव व्हावं. लोकप्रिय गाण्यांपैकी दहातली आठ इथे पडतात. तिसरा खण मला सगळ्यात प्रिय. त्यातली गाणी स्वप्नाबद्दल नसतात, स्वप्नातून आलेली असतात (पाहा प्रश्न १२ आणि १३).

चौथा खण लोक भांडून मागतात, 'स्वप्नासारखं दिसणारं गाणं'. त्याचा निकाल प्रश्न १५ मध्ये लावलाय.

२. सपना, ख्वाब आणि स्वप्न यांत फरक काय?

वजनाचा आणि वासाचा. अर्थाचा फारसा नाही. संस्कृतात 'स्वप्' म्हणजे झोपणं, आणि 'स्वप्न' या शब्दाला मुळात झोप आणि झोपेत दिसलेलं असे दोन्ही अर्थ होते. फारसी 'ख्वाब'चंही तसंच, झोप आणि स्वप्न दोन्ही. गंमत म्हणजे हे दोन शब्द एकाच जुन्या मुळापासून आलेले चुलतभाऊ आहेत. 'सपना' हा तर 'स्वप्न'चाच घरगुती अवतार. आपल्याकडे गावाकडे 'सपान' म्हणतात तेच.

गीतकाराला मात्र फरक पडतो. 'ख्वाब' एका झटक्यात संपतो, 'सपना' दोन पावलं टाकतो. १९६५ च्या 'तीन देवियाँ'साठी मजरूह सुलतानपुरींनी 'ख्वाब हो तुम या कोई हकीकत' लिहिलं. तिथे 'सपना' घालून गुणगुणून बघा, ओळ लंगडते.

३. 'मेरे सपनों की रानी' मध्ये शर्मिला टागोर खरंच त्या गाडीत बसली होती का?

सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न. उत्तर: दार्जिलिंगला नाही.

चित्रपट 'आराधना', १९६९, दिग्दर्शक शक्ती सामंत. शर्मिला टागोर त्याच सुमारास सत्यजित राय यांच्या 'अरण्येर दिन रात्री'मध्ये गुंतलेली होती. तारखा जुळेनात. तेव्हा सामंतांनी जीप चालवणारा सुजित कुमार आणि जीपमधून गाणारा राजेश खन्ना यांचं काम दार्जिलिंगला उरकलं, आणि शर्मिलाच्या खिडकीतल्या चौकटी नंतर मुंबईत स्टुडिओत डबा उभा करून घेतल्या. ती हातात ॲलिस्टर मॅक्लीनची कादंबरी धरून चोरून बाहेर बघते आणि हसते. समोर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

आता हे माहीत झाल्यावर गाणं परत बघा. लांबच्या चौकटीत गाडी आणि जीप बरोबर पळतात, पण चेहरा जवळ आला की प्रत्येक वेळी कात्री आहे. आमच्या बैठकीत हे दाखवलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं." मला उलटं वाटतं. गाण्याचं नाव काय आणि मामला काय! स्वप्नातली राणी तिथे नव्हतीच, खन्ना रिकाम्या खिडकीकडे बघून गात होता.

४. ती गाडी माथेरानची का वापरली नाही? जवळच होती की!

रुळांची रुंदी दोन्हीकडे सारखीच, दोन फूट. दार्जिलिंगची गाडी १८८१ मधली, नेरळ–माथेरान १९०७ ची. अडचण जीपची आहे. दार्जिलिंगला हिल कार्ट रोड रुळांना चिकटून जातो, मैलच्या मैल. गाडीच्या बरोबरीने जीप हाकता येते आणि खिडकीतल्या मुलीला गाणं ऐकवता येतं. माथेरानात मोटारींना बंदी, तेव्हा दस्तुरी नाक्याला गाडी सोडून पुढे पायी किंवा घोड्यावर. नायकाला घोड्यावर बसवून माउथ ऑर्गन वाजवायला लावला असता तर वेगळंच गाणं झालं असतं.

५. चाल सचिनदांची की पंचमची?

श्रेयनामावलीत संगीतकार सचिनदेव बर्मन, आणि मुलगा राहुलदेव, म्हणजे पंचम, त्यांचे सहायक. यावरून घरंच्या घरं फुटलीत. माझं म्हणणं एवढंच की बाप-लेक एका खोलीत बसून काम करत असताना कोणता सूर कुणाचा याची वहीत नोंद होत नाही. गाण्याचा लोकगीतासारखा सरळ मुखडा मला थोरल्यांचा वाटतो, पण हा माझा कान. किशोरकुमारला पहिलं फिल्मफेअर याच चित्रपटाने दिलं, मात्र 'रूप तेरा मस्ताना'साठी. राणीच्या गाण्यासाठी नव्हे, हेही नेहमी चुकतं.

६. 'आवारा'मधल्या स्वप्नाबद्दल एवढं का बोलतात?

कारण पहिल्या खणातलं, म्हणजे खरोखर झोपेत घडणारं, इतकं भव्य गाणं त्याआधी हिंदी पडद्यावर कुणी उभं केलं नव्हतं आणि त्यानंतरही फार जणांना जमलं नाही.

साल १९५१. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ तेव्हा पुरता बांधूनही झालेला नव्हता. राज कपूरने तिथे नऊएक मिनिटांचं स्वप्न उभं करायला घेतलं आणि त्याला तीन महिने लागले. नेपथ्य आपल्या एम. आर. आचरेकरांचं. मूळचे चित्रकार माणूस, आणि ते दिसतं. ढगांत चढत जाणारा गोल जिना, प्रचंड मूर्ती, धुराने भरलेली जमीन. खाली नरक, वर स्वर्ग. नृत्य बसवलं सिमकी यांनी, उदयशंकरांबरोबर नाचणाऱ्या फ्रेंच नर्तकी. संगीत शंकर-जयकिशन, शब्द शैलेंद्रचे, आवाज लता मंगेशकर आणि मन्ना डे.

एकाच स्वप्नात गाणी एकात एक मिसळतात. आधी 'तेरे बिना आग ये चांदनी', मग खालच्या ज्वाळांतून बाहेर काढा म्हणणारा मन्ना डेंचा आवाज, आणि शेवटी 'घर आया मेरा परदेसी'. नायिका वर वाट बघतेय, नायक जिना चढतो, आणि मध्ये सुरा घेऊन खलनायक जग्गा उभा. मग सगळं कोसळतं आणि त्याला दचकून जाग येते. कथेत हे गाणं काढून टाका, चालत नाही; चोरी सोडायची इच्छा त्याला इथेच होते.

'घर आया' सुरू होताना ढोलक ऐका. तो ठेका लाला गंगावणे यांचा. मुंबईतल्या वादकांत आजही ढोलकीवाल्याची परीक्षा घ्यायची तर लोक हाच तुकडा वाजवायला सांगतात. आमच्याकडे येणारा एक तरुण वाजवणारा आहे, त्याने तो घरी आठ दिवस घासला. बैठकीत वाजवून झाल्यावर हाताकडे बघत म्हणाला, "बोटं बरोबर पडतायत, पण ते डुलत नाहीये." तिथेच तर सगळं आहे.

स्टुडिओला २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आग लागली, त्यात जुने पोशाख आणि वस्तू गेल्या, पुढे कुटुंबाने जागा विकली. चेंबूरला जाऊन आता तो जिना शोधू नका.

७. 'घर आया मेरा परदेसी'ची चाल अरबी गाण्यावरून उचललीय म्हणे?

मुखडा इजिप्तच्या उम्म कुलसूमच्या 'अला बलद अल महबूब'शी स्पष्ट जुळतो. ते गाणं रियाद अल-सुंबाती यांचं, १९३६ च्या 'विदाद' चित्रपटातलं. दोन्ही लागोपाठ लावली की खोलीत एक सेकंद शांतता होते आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात.

उचलली म्हणा, उसनी घेतली म्हणा. पण ढोलक (प्रश्न ६), कोरस आणि लताबाईंच्या आलापाची जागा चेंबूरची आहे. मूळ गाणं प्रिय माणसाच्या गावी मला घेऊन चला असं विनवतं. शैलेंद्रने दिशा उलटी केली, परदेशीच घरी आला. आमच्यात एक निवृत्त कारकून आहेत, ते म्हणाले, "म्हणजे जाण्याचं तिकीट घेतलं आणि येण्याचं गाणं केलं."

८. 'ड्रीम गर्ल' हे नाव गाण्यामुळे पडलं की आधीपासून होतं?

आधीपासून. हेमा मालिनीचा पहिला हिंदी चित्रपट 'सपनों का सौदागर', १९६८, नायक राज कपूर. तेव्हाच्या जाहिरातींतच ती 'ड्रीम गर्ल' होती. त्या नावाचा चित्रपट आणि किशोरकुमारने गायलेलं शीर्षकगीत १९७७ चं, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, शब्द आनंद बक्षी. बिरुद आधी, गाणं नऊ वर्षांनी.

९. 'देखा एक ख्वाब'मधली ट्युलिपची बाग काश्मीरची का?

नाही. श्रीनगरची बाग पुष्कळ नंतरची. 'सिलसिला' १९८१ चा आणि बाग हॉलंडमधली, कोकनहोफ. दरवर्षी सत्तर लाखांच्या आसपास कंद लावतात आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन महिने, ती उघडी असते. म्हणजे त्या गाण्याचं वेळापत्रक यश चोप्रांनी नव्हे, फुलांनी ठरवलं.

याहून मोठी गोष्ट शब्दांची आहे. जावेद अख्तर तोवर सलीम-जावेद जोडीतले पटकथाकार. गीतं लिहायला तयार नव्हते. यश चोप्रांनी गळ घातली आणि त्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं पहिलं गाणं म्हणजे हेच. संगीतकार शिव-हरी, म्हणजे संतूरवाले शिवकुमार शर्मा आणि बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया, यांचाही हा पहिलाच चित्रपट. तिघेही आपापल्या कामात मुरलेले आणि या कामात नवखे. गाण्यात नवखेपणा कुठे दिसतो का, शोधून सांगा. मला अजून सापडलेला नाही.

१०. 'सपने में सजन से दो बातें' कोणत्या चित्रपटातलं? नेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

'गेटवे ऑफ इंडिया', १९५७. मदनमोहन, राजेंद्र कृष्ण, लता मंगेशकर, पडद्यावर मधुबाला. आपल्याच मुंबईत एका रात्रीत घडणारी गोष्ट.

कल्पना छोटी आहे आणि अचूक. स्वप्नात साजणाशी दोन गोष्टी बोलणं झालं, त्यातली एक आठवते, एक विसरली. यावर मानसशास्त्राचं पुस्तक लिहिण्यापेक्षा हे बरं. सकाळी दात घासताना आपलंही हेच होतं.

मदनमोहनचंच 'सपनों में अगर मेरे तुम आओ तो सो जाऊँ' ('दुल्हन एक रात की', १९६७) लोक याच्याशी गल्लत करतात. त्यात बाई अजून झोपलेलीच नाही, अट घालतेय.

११. मराठीत स्वप्नाची गाणी कमी का?

कमी नाहीत, आपण ती या नावाखाली मोजत नाही. सगळ्यात लोकप्रिय 'स्वप्नात रंगले मी, चित्रात दंगले मी'. चित्रपट 'आम्ही जातो अमुच्या गावा', १९७२. शब्द जगदीश खेबुडकर, संगीत सुधीर फडके, आवाज आशा भोसले आणि खुद्द बाबूजी. 'देहाची तिजोरी' याच चित्रपटातलं. एकाच शिक्षकी पेशातल्या माणसाने एकाच चित्रपटात देवाचं दार उघडायला सांगावं आणि झोपेत जागणारी मुलगीही लिहावी! खेबुडकरांना लावणीपुरतं ठेवणाऱ्यांना मी हा चित्रपट लावून देतो. चित्रपटाचं नाव तुकोबांच्या अभंगावरून आलंय. तुकोबा पुढे परत येतील.

दुसरं 'स्वप्नातल्या कळ्यांनो, उमलू नकाच केव्हा', पुन्हा आशाताई. हे मला थोडं जास्त आवडतं. बाकीचे सगळे स्वप्न खरं होऊ दे म्हणतात, ही बाई त्याला उमलू नकोस म्हणते, गोडी अपूर्ण राहण्यात आहे म्हणून. पंचविशीत हे गाणं मला रडकं वाटायचं. आता नाही वाटत.

आणि लहान मुलांसाठी राजा मंगळवेढेकरांचा चॉकलेटचा बंगला. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सहा माणसं झोपणाऱ्या किती घरांतून ही मागणी मोठ्याने गायली गेली असेल (पाहा प्रश्न १७).

'निंबोणीच्या झाडामागे'ही यात घाला, असं बरेच जण लिहितात. ती अंगाई आहे. त्यात बाळ झोपतच नाही, मग स्वप्न कुठून पडणार?

१२. स्वप्नात चाल सुचते हे खरं की नंतर रचलेली गोष्ट?

दोन उदाहरणं पक्की आहेत. 'बीटल्स' या इंग्लिश बँडच्या पॉल मॅकार्टनीला 'यस्टरडे'ची चाल लंडनमध्ये विंपोल स्ट्रीटवरच्या घरात झोपेत आली. उठून पियानोवर बसवली. मग त्याला भीती वाटली की ही आपण कुठेतरी ऐकलीय, म्हणून कित्येक दिवस भेटेल त्याला वाजवून दाखवत विचारायचा, ही कुणाची? कुणीच दावा केला नाही. शब्द नव्हते, म्हणून तात्पुरते 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असे बोल टाकले. १९६५ च्या जूनमध्ये ध्वनिमुद्रण झालं तेव्हा बीटल्सपैकी एकटा तोच होता, बरोबर चार तंतुवाद्यं.

ते अंड्याचे बोल वाचून हसणाऱ्यांनी 'एक दो तीन' आठवावं. लक्ष्मीकांत यांनी चाल ऐकवताना शब्दांच्या जागी नुसते आकडे म्हटले होते, जावेद अख्तरांनी तेच ठेवून 'तेजाब'चं गाणं केलं.

दुसरं उदाहरण 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्सचं, तेही १९६५ चं. 'सॅटिस्फॅक्शन'चा तो गिटारचा तुकडा अर्धवट झोपेत त्याने टेपवर घेतला. सकाळी टेप ऐकली तर थोडं गिटार आणि पुढे नुसतं घोरणं.

दोघांत सारखं काय? लगेच नोंदवलं. एकाकडे पियानो पलंगाजवळ, दुसऱ्याकडे टेपरेकॉर्डर. जाग आल्यावर स्वप्न काही मिनिटांत विरतं. स्वप्नात सुचलेल्या चाली आमच्या गटातही चौघांना आठवतात, म्हणजे सुचल्या होत्या एवढंच आठवतं.

१३. मराठीत अशी, स्वप्नातून आलेली रचना आहे का?

आहे, आणि ती बीटल्सच्या तीनशे वर्षं आधीची. तुकोबांनी कवित्व का सुरू केलं, ते त्यांनीच सांगितलंय:

नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें ।
सवें पांडुरंगें येऊनियां ॥

नामदेव विठ्ठलाला बरोबर घेऊन स्वप्नात आले आणि काम सांगितलं: कवित्व कर, वायफळ बोलू नकोस. शतकोटी अभंगांचा संकल्प होता, त्यातले उरलेले तुझ्याकडे. 'स्वप्नामाजी जागें' हे दोन शब्द बघा. झोपेत जागं करणं. खेबुडकरांच्या गाण्यातली (प्रश्न ११) झोपेत जागणारी मुलगी या वाटेनेच आली असावी, असा माझा कयास.

गुरूही स्वप्नातच भेटले. बाबाजींनी 'राम कृष्ण हरि' हा मंत्र दिला, माघ शुद्ध दशमी, गुरुवार, अशी तिथीवारासकट नोंद आहे. पण मला त्या अभंगातलं तूप सोडवत नाही. गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात तुकोबांना त्याचा विसर पडला. सेवा घडली नाही, ही चुटपुट. दुसरा कुणी असता तर गुरूच्या डोक्याभोवतीचं तेज सांगत बसला असता. हा दुकानदार माणूस, त्याला माप आठवतं.

पुढे साखळी चालूच राहिली. कोल्हापुरात संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश झाला, तोही स्वप्नात.

१४. 'लेट इट बी'मधली मदर मेरी म्हणजे माउंट मेरीची ना?

वांद्र्याच्या जत्रेत ते गाणं ऐकल्यावर तसं वाटणं साहजिक आहे. पण मेरी हे मॅकार्टनीच्या आईचं नाव. नर्स होती, १९५६ मध्ये गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा. बीटल्स फुटायच्या बेतात असताना ती स्वप्नात आली आणि सगळं ठीक होईल म्हणाली. गाणं आलं १९७० मध्ये. गाताना कुणी मेरीमातेला आठवलं तर त्यालाही त्याची हरकत नसते.

१५. 'पहला नशा' स्वप्नगीत का धरत नाही?

कारण त्यात कुणी झोपत नाही. पण दिसतं स्वप्नासारखं, त्यामागे हिशेब आहे. 'जो जीता वही सिकंदर', १९९२, नृत्यदिग्दर्शन फराह खानचं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी दिसतात. कॅमेरा ४८ ने चालवला तर हालचाल निम्म्या वेगाने दिसते, पण मग ओठही निम्म्या वेगाने हलतील. म्हणून चित्रीकरणाला गाणं दुप्पट वेगाने लावायचं आणि नटाने त्या चिरचिऱ्या आवाजावर भरभर ओठ हलवायचे. पडद्यावर शरीर तरंगतं, शब्द मात्र जागेवर. मोबाइलवर गाणं दुप्पट वेगाने लावून त्याबरोबर म्हणून बघा, आमिर खानबद्दल आदर वाढेल.

१६. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, त्यावर गाणं आहे का?

नेमकं त्या समजुतीवर नाही, पण साखरझोपेवर आहे, सुरेश भटांचं 'मी मज हरपून बसले ग'. हृदयनाथ मंगेशकरांची चाल, आशा भोसले. श्रीरंग पहाटे येऊन लुटून गेला, आणि ते झोपेत घडलं की जागेपणी हे ती शेवटपर्यंत सांगत नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे, एवढं म्हणून आपण गप्प बसावं.

१७. मुंबईचं असं स्वप्नगीत कोणतं?

माझं मत विचाराल तर 'दो दीवाने शहर में'. 'घरोंदा', १९७७, गुलजार, जयदेव, भूपिंदर आणि रूना लैला. गुलजारना फिल्मफेअर मिळालं. अमोल पालेकर आणि झरीना वहाब एका कचेरीत नोकरी करतात, लग्न करायचंय, त्यासाठी खोली हवी. रात्री, दुपारी, गल्लोगल्ली दोघं घरटं शोधत फिरतात. पैसे भरतात, बिल्डरच्या योजनेत बुडतात. मग तो तिला जे सुचवतो ते इथे लिहीत नाही, चित्रपट बघा.

हिशेबाने बघा: हिंदी गाण्यात प्रेमिक चंद्र-तारे मागतात, या दोघांना चार भिंती हव्यात. आणि त्याच चित्रपटात भूपिंदर एकट्याने 'एक अकेला इस शहर में' म्हणतो, तेही आशियाना शोधतच. माझ्या धाकट्या मामाने लग्नानंतर सहा वर्षं पागडीच्या खोलीसाठी पैसे साठवले; एजंट ते घेऊन बेपत्ता झाला. मामा हे गाणं लागलं की रेडिओ बंद करायचा नाही, आवाज कमी करायचा.

मराठा मंदिरचं नाव सुचवणाऱ्यांसाठी: 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधलं 'मेरे ख्वाबों में जो आए' १९९५ चं, आनंद बक्षी आणि जतिन-ललित, एकविशीतल्या काजोलसाठी सहासष्टीतल्या लताबाई गायल्या. मुंबई सेंट्रलला वर्षानुवर्षं वाजलंय, मान्य. पण त्यातली मुलगी लंडनची.

१८. कोजागरीला सोसायटीत स्वप्नगीतांचा कार्यक्रम करायचाय. क्रम सुचवा.

'मेरे सपनों की रानी'ने सुरुवात करू नका, सगळे तेच करतात आणि मग पुढे उतार लागतो. अभंगाने सुरू करा. 'आवारा'चं स्वप्न घ्यायचं तर ढोलक वाजवणारा आधी ठरवा, गायिका नंतर. 'टूटे हुए ख्वाबों ने' ('मधुमती', १९५८, रफी) मसाला दूध वाटताना लावू नका, दूध गार होतं. दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, तेव्हा राणीचं गाणं पावणेदहाला ठेवा. शेवटी सगळे उभे राहून म्हणतात.

१९. वडिलांच्या जुन्या तबकड्यांत यातली काही गाणी आहेत. पुसून ठेवू का?

कोरड्या मऊ कापडाने, रेघांच्या दिशेने, गोल. ७८ गतीच्या तबकड्या लाखेच्या असतात, हातातून पडल्या की फुटतात, आणि एकावर एक आडव्या रचल्या की वाकतात; उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात, म्हणून तबकडीवरचं गाणं चित्रपटातल्यापेक्षा अनेकदा छोटं निघेल. ती खराब झालेली प्रत नाही.

आणि स्पिरिट लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मी 'सपने में सजन से'च्या तबकडीला बुरशी दिसली म्हणून कापसावर स्पिरिट घेऊन चांगली घासून काढली होती. बुरशी गेली. आता त्या बाजूला सुई टेकवली की लताबाई खूप लांबून, पावसातून गातात, आणि दुसरं कडवं गायबच आहे.